फाशी कायम ठेवण्याचा माझा अर्ज मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
दयाअर्ज विभाग,
कारागृह मुख्यालय.

विषय : फाशी कायम ठेवावी म्हणून मी दिलेला अर्ज मागे घेऊन शिक्षा जन्मठेपेत बदलण्याची विनंती.
संदर्भ : माझा दि. ९ जानेवारीचा अर्ज.

महोदय,

मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील पानांचे फर्मे शिवते. औषधांच्या दुकानात चाकूने मारल्या गेलेल्या दोघांपैकी, तिथे कामाला असलेली मुलगी माझी. दुसरे दुकानाचे मालक. वरील अर्ज मी पूर्ण शुद्धीत दिला होता, हाही तसाच देत आहे. कोणाचा दबाव नाही. उलट यावरून घरात माझ्याशी बोलणे बंद आहे.

१. तो अर्ज द्यायला मी कारागृहाच्या कचेरीत आले, तो भेटीचा वार होता. बाकावर शेजारी एक बाई स्वेटरची बटणे दाताने तोडत होती, कारण बटणांसकट स्वेटर आत जाऊ देत नव्हते. वीस मिनिटांनी ती बाहेर आली आणि शिपायाला सांगू लागली, की केस कापून घे म्हणून कितीदा सांगितले, ऐकत म्हणून नाही. ज्याच्या फाशीसाठी मी अर्ज आणला होता, ती त्याच कैद्याची आई, हे मला शिपायाकडून कळले. महोदय, तेव्हा राग आला असता तर बरे झाले असते. मला हेवा वाटला. न ऐकणारे का होईना, तिला मूल होते. मी तिथेच अर्जावर सही केली. तिची वीस मिनिटे बंद व्हावीत, एवढाच माझा हेतू होता. अर्जातले न्याय वगैरे शब्द अर्ज लिहून देणाऱ्याचे आहेत.

२. पुढच्या महिन्यात कामावर खाडा करून मी पुन्हा गेले, ते केवळ तिला पाहायला. मी कोण ते शिपायाने तिलाही सांगितले असावे; या खेपेस तिने मला ओळखले. ती बाकावरून उठली आणि उभीच राहिली. माफी वगैरे मागितली नाही. मीच म्हणाले, "आजची तुमची भेट मला द्या." तिने खिडकीवर जाऊन तसे लिहून दिले. अधीक्षकांनी परवानगी दिली, त्याबद्दल त्यांना बोल लावू नये.

३. जाळीपलीकडे तो मान खाली घालून बसला होता. माझी मुलगी शेवटचे काय बोलली, एवढेच मी विचारले. तो म्हणाला, "‘आधी बस, हात थरथरतोय तुझा,’ म्हणाल्या. आणि स्टूल पुढे सरकवलं."

ही तिचीच तऱ्हा. माझ्या बोटात सुई गेली की ती मलाही आधी बसवायची, मग रागवायची. तिचे शेवटचे बोलणे माझ्या हक्काचे होते, ते त्याच्या वाट्याला गेले. त्याच्या आईचा वाटला नाही एवढा हेवा मला त्याचा वाटला. परंतु ते बोलणे ऐकलेला माणूस आता जगात तो एकच उरला आहे. आणि जिने त्याला बसायला दिले, तिच्या नावाने मी फास मागणे मला शोभत नाही.

४. त्याला क्षमा केली आहे काय, असे आपल्या नमुन्यात विचारले आहे. तो रकाना मी दोनदा खोडून शेवटी ‘होय’ लिहिले. ते पुरते खरे व्हायला मला वेळ लागेल. तोवर त्याने जिवंत असावे.

सबब फाशी रद्द व्हावी. तसेच, महिन्याला एकच भेट मिळते, आणि फेब्रुवारीची भेट माझ्यामुळे त्याच्या आईच्या हातून गेली. ती त्यांना जादा भेट म्हणून भरून द्यावी. मिळाल्यावर मला पुन्हा हेवा वाटेल. तो मी सोसेन.

आपली नम्र,
(सही)
मृत मुलीची आई
दि. १४ मार्च

सोबत :
१) पूर्वीच्या अर्जाची प्रत.
२) माझ्या पतीचे स्वतंत्र पत्र. ते फाशीच्याच बाजूचे आहेत. ते दडवणे मला योग्य वाटले नाही.