दोन रायफली आणि एक बोट

प्रिय आस्लाउग,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. शाळा सोडल्यापासून मी एवढं कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आणि मधेच फाडूही नकोस. शनिवारी तू मैदानावरून तडक बसच्या थांब्यावर गेलीस, त्यानंतर काय झालं ते तुला ठाऊकच नाही.

आधी इकडची खबर. शेळी परत छपरावर चढली. तिला उतरवायला शिडी लावली, तर ती स्वतःच शिडीवरून खाली आली आणि मी वर राहिलो. वरून दरी इतकी छान दिसत होती की तासभर तिथेच बसून होतो. असो. भरकटलो.

शनिवारबद्दल. आपल्या बाबांनी जाण्याआधी शेवटची बनवलेली रायफल आणि तू या हिवाळ्यात बनवलेली, दोन्हींना राखाडी चिकटपट्टी गुंडाळून तू सगळ्या नेमबाजी मंडळासमोर ठेवल्यास. कोणती कोणाची ते न सांगता सगळ्यांनी दोन्ही चालवून बघा, म्हणालीस. माझी बाबांच्या तोडीची ठरली नाही तर कारखान्याला कुलूप लावीन आणि ओस्लोच्या लिफ्ट कंपनीत चिकटेन, हेही तूच म्हणालीस. कोणी मागितलं होतं का तुझ्याकडे असलं वचन? पण तू बाबांचीच मुलगी. सावकाश नेमबाजीत दोन्ही सारख्याच चालल्या. नळी तुझी खणखणीत आहे, त्यावर कोणाचं दुमत नव्हतं. मग जलद फेरी आली आणि सगळं बिनसलं.

आपल्याकडे त्या फेरीच्या पंचवीस सेकंदांत लोक गोळी आत सारणाऱ्या बोल्टची दांडी सोडतच नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट दांडीच्या टोकाच्या गोळ्यावर, चाप ओढायचा मधल्या बोटाने. उघड, मिट, ओढ, उघड, मिट, ओढ. बाबांच्या रायफलीवर सगळे शिवणयंत्रासारखे चालले. तुझ्या रायफलीवर प्रत्येकजण अडखळला. हाल्वोर तर उठून ओरडलाच, "ही कोणी बनवलीय, पायाने? गोळा धरायला गेलं की बोट लाकडी दस्त्यावर आपटतंय!" तेवढं ऐकून तू पिशवी उचललीस. मी तेव्हा वॉफल भाजत होतो आणि एक करपत होतं, नाहीतर तुला अडवलं असतं. खरं सांगायचं तर तेव्हा अडवून तरी काय बोललो असतो?

तू वळणापलीकडे गेल्यावर म्हातारी बोर्गहिल्ड, तोंडात तपकिरी चीजचा घास तसाच ठेवून, हाल्वोरला म्हणाली, "रायफलीला कशाला बोल लावतोस? मधे येतंय ते तुझं बोट. काप आणि टाक, मग बघ कशी चालते."

सगळे हसले. आणि मग एकेक जण हसायचा थांबला, कारण मी तिथेच उभा होतो, हातात ताटली घेऊन, आणि ताटली धरलेल्या हाताचं पहिलं बोट लोफोटेनमधल्या मासळीच्या यंत्रात राहिलेलं. बोर्गहिल्डचा चेहरा बीटासारखा लाल. मग तीच म्हणाली, "स्वेनुंग, बाळा, चुकले मी. पण जरा इकडे ये. ताटली ठेव. आडवा हो."

तुला माहीत आहे, बोट गेल्यापासून मी लोकांसमोर रायफलीला हात लावला नव्हता. कारखान्यात तुझ्याजवळ, एवढंच. मी म्हणालो, वॉफल करपेल. हाल्वोर म्हणाला, "तुझी वॉफलं तशीही कोणी खात नाहीये."

मी तुझी रायफल घेऊन आडवा झालो. आणि आस्लाउग, गोळा माझ्या हातात स्वतःहून आला. अंगठा आणि ते उरलेलं थोटूक, दोघांच्या मधोमध. चाप मधल्या बोटाखाली. गालाला लाकूड असं लागलं जसं उशीला डोकं. मी मोजलंच नाही किती गोळ्या मारल्या. वेळ संपल्यावर नेम दाखवणाऱ्या पडद्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून हाल्वोरच्या तोंडाकडे बघितलं. तो टोपी काढून डोकं खाजवत होता. मग म्हणाला, "एकही बाहेर नाही रे, मेल्या."

तेव्हा मला तुझी चूक कळली. तुझी तुलाही कळली नसेल. अख्खा हिवाळा तू कानशीचे चार हात मारायचीस आणि शेगडीपाशी बसलेल्या मला म्हणायचीस, "धर. मिट. उघड. कुठे खुपतंय?" मी सांगायचो, तू पुन्हा घासायचीस. दुसरा हात होताच कुठे तिथे? बाबांकडे दिवसभर माणसांची ये-जा असायची, तुझ्याकडे फक्त मी. सगळ्या दरीसाठी म्हणून बनवलेली रायफल तू एकाच हाताच्या मापाने उतरवलीस, तोही नऊ बोटांच्या माणसाच्या. ती बाबांच्या तोडीची नाही, असं आता कोणीच म्हणत नाही. हाल्वोर तर पट्टी सोलून तिच्यावर हात फिरवत बसला होता.

मला हसू येतंय आणि दुसरंही काही येतंय. मी सतराव्या वर्षी घर सोडलं, बोटींवर, हॉटेलांत, रस्त्याच्या कामांवर फिरलो, आणि सगळीकडे दुसऱ्या कोणाचे तरी बूट, दुसऱ्या कोणाचा कोट घातला. हाताला पट्ट्या गुंडाळून आलो तेव्हा तू काही विचारलं नाहीस. नुसती एक खुर्ची शेगडीजवळ सरकवलीस. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी माझ्या मापाचं आहे. आभार कसे मानतात ते मला येत नाही. मानलेत असं समज.

आता पत्र कशासाठी ते. आज सकाळी बोर्गहिल्ड कारखान्यात आली. संधिवाताने तिची बोटं इतकी वाकलीत की गेली दोन वर्षं तिला बोल्ट नीट ओढता येत नाही, हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. शनिवारीही तिने रायफलीला हात लावला नाही, नुसती खात-पीत बसली होती, आठवतंय? तिने तो हात कामाच्या बाकावर उताणा ठेवला आणि म्हणाली, "पोराचं जमलं, तर माझंही जमेल. बोलाव तिला." मी म्हटलं, ताई सोमवारी ओस्लोत लिफ्ट कंपनीच्या कागदांवर सही करणार आहे. ती म्हणाली, मग बसते मी. आणि बसलीय. डबा घेऊन आलीय, विणकामही आणलंय. म्हणून हे पत्र टपालाने नाही, हाल्वोरच्या हाती पाठवतोय. तो ओस्लोत लाकडं उतरवून तुझ्या इमारतीखाली ट्रक लावेल. जिना चढून तुझी मनधरणी करणाऱ्यातला तो नाही, पत्र पेटीत टाकेल आणि खाली नुसता हॉर्न वाजवत बसेल. शेजारी ओरडायच्या आत उतर.

तुझाच,
स्वेनुंग