दोन स्टारबाबत तक्रार

मंगळवार, ४ मार्च. सकाळी १० वाजून १७ मिनिटं.

अन्याय नेमका या वेळेला झाला. वेळ मुद्दाम नोंदवून ठेवतेय. पुढे लागेल.

माझ्या 'सेक्शन हेड' या कादंबरीला (पाने ४१२, स्वतः प्रकाशित, प्रकाशकांचे उंबरे झिजवायला मला वेळ नाही) पुस्तकांच्या वेबसाइटवर 'जुना चष्मा' असं नाव लावणाऱ्या कुणा इसमाने पाचपैकी दोन स्टार दिले. खाली मजकूर. शब्दशः उतरवते:

"पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. नायिका चारशे बारा पानं बरोबरच असते. एवढ्या पानांत तिला एकदाही कुणी 'चहा घेणार का' असं विचारत नाही, आणि हे लेखिकेच्या लक्षात आलेलं दिसत नाही. पान २८७ वर रिटायर झालेल्या दिवशी ती दोन पिशव्या घेऊन जिना उतरते, तेवढं फार चांगलं आहे. बाकी पसरट."

पसरट! एकतीस वर्षं विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागाची प्रमुख होते. माझ्या पत्रात कुणाला एक शब्द जास्त सापडला नाही.

संकल्प: हे मत काढून टाकायला लावीन. आजच.

बुधवार, ५ मार्च.

तक्रार क्रमांक एक पाठवली. वेबसाइटकडून चौदा सेकंदांत उत्तर: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. चौदा सेकंद! माझं नाव तिथे पोचलेलं दिसतं.

ऑनलाइन कोर्सच्या नोट्स पुन्हा वाचल्या. 'स्वतंत्र लेखक: टिकाऊ करिअरची सात पावलं'. शिकवणाऱ्या बाई सतत हसतात, पण मुद्द्याचं बोलतात. त्यांचं म्हणणं, लाखो वाचक लागतच नाहीत. हजार खरे वाचक मिळाले की जन्माची सोय झाली. माझा पाच वर्षांचा आराखडा तयार आहे. पहिलं वर्ष: एक कादंबरी, हजार वाचक. तिसरं: चार कादंबऱ्या. पाचवं: मुलाखती (निवडक).

सध्या खरे वाचक तीन. धाकटा भाऊ, त्याची मुलगी आणि माझ्या ऑफिसातली जावकबाई. (वीस वर्षं जाणारी पत्रं नोंदवत होती, म्हणून जावकबाई.) तिघांनी पाच-पाच स्टार दिलेत. बाकी ९९७.

जुना चष्मा धरलेला नाही.

शुक्रवार, ७ मार्च. दुपार.

तिघांचे अभिप्राय नीट वाचले. इतके दिवस फक्त स्टार पाहत होते.

तिघांच्या सोयीसाठी मीच मसुदा करून दिला होता. लोकांना मुद्देसूद लिहिता येत नाही, हा अनुभव. भावाने तो जसाच्या तसा चिकटवलाय: "ही कादंबरी मला (येथे दोन-तीन शब्दांत आपले मत लिहावे) वाटली. विशेषतः पान (क्रमांक) वरील प्रसंग विसरता येत नाही." जावकबाईने तर वरचं 'मसुदा, सुधारित, सहीसाठी' हेसुद्धा ठेवलंय. भाचीने फक्त अंगठा वर केलाय.

भावाला फोन. तो म्हणाला, अगं ताई, तूच म्हणालीस ना एक शब्द बदलू नकोस म्हणून!

असो. नमुन्याप्रमाणे आहे. नमुना पाळणारी माणसं हल्ली मिळतात कुठे?

सोमवार, १० मार्च.

तक्रार क्रमांक दोन आणि तीन. उत्तर तेच, पण यावेळी अकरा सेकंदांत. दबाव वाढतोय.

कोर्सच्या बाई म्हणतात, वाईट अभिप्रायाला लेखकाने कधीही उत्तर देऊ नये. हा नियम कच्च्या लेखकांसाठी असणार. मी त्या मताखाली जाहीर उत्तर टाकलं: "पान ९४ पाहावे. शिपाई नायिकेच्या टेबलावर चहा ठेवतो. आपण पुस्तक वाचलेले नाही, हे सिद्ध होते."

दुपारी त्याचं उत्तर: "तो चहा सगळ्या सेक्शनला असतो. तिच्या कपात साय येते, कारण ती शेवटी पिते. तुम्हीच लिहिलंय."

पान ९४ उघडून पाहिलं. साय आहे.

उद्धट माणूस!

गुरुवार, १३ मार्च. सकाळी.

ग्रंथालयात गेले. कादंबरीची प्रत मी स्वतः भेट दिली होती. ती कपाटात खालच्या फळीवर, शिवणकामाच्या पुस्तकांशेजारी सापडली. ग्रंथपालांना विचारलं, या पुस्तकाचा इथे काय संबंध? ते म्हणाले, बाई, नावात 'हेड' बघून मला शिलाई मशीनच्या हेडचं काहीतरी वाटलं.

पुस्तकाच्या मागचं तारखांचं पान कोरं. एकदा शिक्का पडला की पुढचे लोक धजतात, हे मानसशास्त्र. म्हणून माझ्याच कार्डावर घेतलं. ग्रंथपालांनी कार्ड पाहिलं, पुस्तकावरचं नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, आवडलं तर सांगा हं, आम्हीही वाचू.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, उपरोधाकडे लक्ष देऊ नये. दिलं नाही. शिक्का ठसठशीत पडलाय.

जुन्या चष्म्याने नवीन विचारलंय: पान १५१ वर नायिका सहकारणीच्या लग्नाला जात नाही, ती खरंच आजारी होती का?

उत्तर टाकलं: "होय. १०१ ताप."

त्याचा प्रश्न: "मग ती नवी साडी नेसून घरात का बसली आहे?"

असल्या प्रश्नाला उत्तर देणं माझ्या शिस्तीत बसत नाही. तक्रार क्रमांक चार.

रविवार, १६ मार्च.

भावाकडे जेवायला. तिसरा रविवार, म्हणजे माझा. जेवताना सहज विचारलं, पान १५१ कसं वाटलं? तो पापडाकडे पाहायला लागला. मग म्हणाला, ताई, तुझं पुस्तक मी निवांतपणे रिटायर झाल्यावर वाचणार आहे. त्याला रिटायर होऊन दोन वर्षं झाली. हे भावजयीने बोलून दाखवलं.

भाचीचं मत, आत्या, त्याचं ऑडिओ काढ ना, मी भांडी घासताना ऐकीन. तिच्याकडे भांडी मशीन घासतं.

येताना जावकबाईला फोन केला. ती म्हणाली, वाचलं म्हणजे काय, एका बैठकीत वाचलं! शेवटी नायिकेचं लग्न होतं तिथे तर मी रडलेच.

नायिकेचं लग्न होत नाही. चारशे बारा पानांत कुठेच होत नाही.

आराखड्यात किरकोळ दुरुस्ती. बाकी १०००.

बुधवार, १९ मार्च.

वाचकांसाठी मेलवर बातमीपत्र काढलं. (पाऊल चौथं: वाचकांशी नियमित संवाद ठेवा.) विषय: 'माझी लेखनप्रक्रिया, भाग एक.' पत्ते नऊ, त्यातले दोन माझेच. किती जणांनी उघडलं ते संगणक दाखवतो. दोन.

सुरुवात म्हणून वाईट नाही. बावीस टक्के. कोर्समध्ये वीस टक्क्यांना उत्तम म्हणतात.

शनिवार, २२ मार्च. दुपारी ३.

जुना चष्मा दहा दिवस गप्प होता. छे, नऊच. वेबसाइट दिवसातून तीनदा बघायची सवय लागलीय. देखरेख ठेवावीच लागते.

आज लिहिलंय: "तुमच्या कादंबरीचा विचार अजून जात नाही. दोन पिशव्या घेऊन ती जिना उतरली. मग घरी जाऊन तिने काय केलं? तुम्ही पुढचं प्रकरण थेट सत्कार समारंभापासून सुरू करता. मला त्या संध्याकाळचं वाचायचं होतं. पुढचं पुस्तक तिथून सुरू करा."

मला शिकवतो! तक्रार क्रमांक पाच: वाचकाने लेखिकेस कथानक सुचवणे, हस्तक्षेप.

त्या संध्याकाळी काय होणार! कुलूप उघडलं, पिशव्या खाली ठेवल्या. एका पिशवीत टेबलावरची कुंडी होती, दुसरीत स्वेटर, कप आणि शिक्क्याचं पॅड. पॅड परत करायला हवं होतं. यात लिहिण्यासारखं आहे काय?

मंगळवार, २५ मार्च.

कुंडी कुठे ठेवली ते लिहिलं. फक्त त्याचा मुद्दा खोडून काढण्यासाठी. आधी खिडकीत, मग ओट्यावर, मग पुन्हा पिशवीत, कारण उद्या परत न्यायची असल्यासारखं वाटलं तिला. मग ती बूट न काढता बसून राहिली. फोनची रेंज आहे का ते पाहिलं. रेंज होती.

सकाळी नऊला बसले होते, घड्याळ पाहिलं तर एक. सात पानं. कुठेही नायिका बरोबर नाही. चूकही नाही. नुसती आहे.

डोळ्यांना धार लागली होती. पंख्यावर धूळ फार झालीय. पुसायला हवा.

तक्रार क्रमांक सहा आधीच लिहून ठेवली होती. सवयीने पाठवून टाकली.

शुक्रवार, २८ मार्च.

चौदा पानं झाली. कोर्समध्ये रोज हजार शब्द सांगतात. मी शब्द मोजायला विसरले.

जुन्या चष्म्याला उत्तराचा मसुदा केला. "आपल्या सूचनेची दखल घेतली आहे. संबंधित मजकूर तयार आहे. हवा असल्यास कळवावे." पहिल्यांदा खाली लिहिलं होतं, चहाबद्दल आपण बरोबर होता. ते खोडलं. मग परत लिहिलं. एकदा कुणीतरी बरोबर असलं तर बिघडत नाही.

सोमवारी टाकीन. शनिवार-रविवार लोक वाचत नाहीत.

सोमवार, ३१ मार्च. सकाळी ११.०५.

वेबसाइटचं पत्र. यावेळी माणसाने लिहिलेलं.

"आपल्या तक्रारी क्रमांक एक ते सहा मान्य केल्या आहेत. संबंधित अभिप्राय आणि त्याखालील सर्व संवाद कायमस्वरूपी काढला आहे. लेखिकेस वारंवार त्रास दिल्याबद्दल सदर सदस्याचे खाते बंद केले आहे. आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत."

विजय. सहा तक्रारी, सत्तावीस दिवस. ऑफिसात असते तर सेक्शनभर पेढे वाटले असते.

भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, वा, ताई, अभिनंदन! मग विचारलं, कसला अभिप्राय?

दुपारी २.

कादंबरीचं पान उघडलं. सरासरी: पाचपैकी पाच. चकचकीत. (येथे दोन-तीन शब्दांत आपले मत लिहावे.) मसुदा, सुधारित, सहीसाठी. एक अंगठा.

खाली जागा मोकळी आहे. उत्तराचा मसुदा तिथे टाकून पाहिला. संगणक म्हणतो, आपण ज्यांना उत्तर देत आहात ते सदस्य अस्तित्वात नाहीत.

बुधवार, २ एप्रिल.

काही लिहिलं नाही. कोर्सच्या बाईंचा मेल: पहिल्या महिन्याचं यश आमच्याशी शेअर करा!

गुरुवार, ३ एप्रिल. सकाळी १०.१७.

वेबसाइटला पत्र. इथे आधी लिहिते, मग तिकडे उतरवते.

महोदय,

तक्रार क्रमांक सात. दिनांक ३१ मार्च रोजी आपण माझ्या 'सेक्शन हेड' या पुस्तकावरील 'जुना चष्मा' यांचा अभिप्राय काढून टाकला, याबद्दल तीव्र निषेध. वाचकाला मत मांडण्याचा अधिकार आहे. तो हिरावून घ्यायला आपल्याला कुणी सांगितलं?

तक्रारी क्रमांक एक ते सहा मी केल्या होत्या, हे मान्य. पण दर वेळी काही सेकंदांत छापील उत्तर पाठवणाऱ्या संस्थेने सहाव्या तक्रारीनंतर अचानक मनावर घेणं, ही कार्यपद्धती नव्हे. निदान एक फोन करून विचारायचं, बाई, नक्की का?

त्यांनी मला त्रास दिला, असं आपण लिहिलंय. तो शब्द चुकीचा आहे. त्यांनी पुस्तक वाचलं. शेवटपर्यंत. असं करणारे सध्या माझ्या नोंदीत तेवढेच आहेत. यात वैयक्तिक काही नाही, प्रश्न रेकॉर्डचा आहे.

मागण्या: अभिप्राय जसाच्या तसा परत लावावा. (मूळ मजकूर माझ्याकडे शब्दशः आहे, सोबत जोडत आहे.) दोन स्टार दोनच ठेवावेत. त्यांचं खातं सुरू करावं. ते शक्य नसेल तर माझा पत्ता त्यांना द्यावा आणि एवढंच कळवावं की पान २८७ नंतरची संध्याकाळ लिहून झाली आहे, चौदा पानं आहेत, आणि ती अजून कुणीही वाचलेली नाहीत.

सोमवार, ७ एप्रिल, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर अपेक्षित आहे. छापील नको. माणसाने लिहिलेलं पाठवावं.