पडदा आणि खेळण्यातली चाकं

रविवार, लिंबायत

लेकीच्या खेळण्यातली प्लास्टिकची दातेरी चाकं किती भार पेलतात, ते आज बघितलं. लकव्यानंतर मायचा एकच हात चालतो. खिडकीचा जाड पडदा तिला स्वतः वर घेता यावा, एवढंच हवं होतं. म्हणून त्या चाकांना फिरवायचं हँडल आणि पडदा ओढणारी दोरी जोडली. दोरीला बाटली लटकवून त्यात थोडं थोडं पाणी वाढवत गेले. दात तुटतील वाटलं होतं, पण आधी चाकांमधली प्लास्टिकची दांडीच पिळली. मग तिच्या जागी छत्रीची लोखंडी काडी घातली. पडद्याच्या दुप्पट भार पेलला. दात झिजतील का पुढे? बघू.

संध्याकाळी ते सगळं खिडकीला बसवून मी हँडलला हात लावला, तर माय म्हणाली, "राहू दे. आते मी करसु."

तिने सावकाश पडदा वर घेतला आणि समोरच्या वहिनींना हाक मारली.