तात्यासाहेबांचं कपाट

वाळूज,
५ जानेवारी १९९४

ती. अक्कास,
बिरूचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तुझा खोकला थांबला का ते कळव.

अक्का, लई अडचणीत आलोय. आमच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेले जर्मन साहेब, आई आजारी म्हणून महिनाभर घरी गेले आणि जाताना त्यांचा पाळलेला सरडा माझ्या हाती देऊन गेले. हसू नको. हातभर लांब आहे आणि गळ्याखाली काट्यांची दाढी आहे. रागावला की ती फुगवून काळी करतो. सुगंधा त्याला पिशोरच्या दाढीवाल्या, तापट म्हाताऱ्या तात्यासाहेबांवरून तात्यासाहेबच म्हणते.

साहेबांची काचेची पेटी आणताना आमच्याच लोकांच्या हातून फुटली. मग थंडीचं कोकराला ठेवतो तसं डालग्याखाली ठेवलं, वरून पोतं पांघरलं. तरी नऊ दिवस झाले, तो खात नाही, डोळे उघडत नाही. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला की धनगराच्या हाती मेंढरू द्यावं, सरडा कशाला दिला. साहेब परत येतील तेव्हा याच्या हातात शेपूट राहील. साहेबांनी अख्ख्या कारखान्यात माझ्यावरच भरवसा टाकला. तो मेला तर मी कोणत्या तोंडानं उभा राहू? गुलमंडीत माशांची काचपेटी बघून ठेवलीय. घेऊ का? सुट्टी मिळत नाही, नाहीतर स्वतःच आलो असतो.

तुझा,
बिरू


खुलताबाद,
९ जानेवारी १९९४

चि. बिरूस,
अक्काचा आशीर्वाद. खोकला आहे, पण माझ्यापेक्षा शेजारच्या दगडाबाईलाच त्याचा जास्त त्रास होतो.

पत्र मिळाल्याबरोबर वाचनालयात गेले. भज्यांच्या कागदावर अक्षरं शिकलेली बाई सरड्याचं पुस्तक मागते म्हणून ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. पुस्तक सापडलं, दोनदा वाचलं.

अरे शहाण्या, कोकराच्या अंगात त्याची स्वतःची ऊब असते. पांघरूण घातलं की ती टिकते. सरड्याच्या अंगात ऊब तयारच होत नाही, ती त्याला उन्हातून घ्यावी लागते. तू पोतं घालून त्याचं ऊनच बंद केलंस. दोष तुझा नाही, बापानं आपल्याला तेच शिकवलं. पण आजच पोतं काढ आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याला डालग्याखाली बसव. अर्ध्या डालग्यावर सावली राहू दे.

माशांची पेटी घेऊ नकोस. ती पाणी धरायला केलेली, तिच्यातून वारा जात नाही. उन्हात ठेवलीस तर जनावर उकडून निघेल. त्याला लांबट जागा हवी. एक टोक तापलेलं, दुसरं थंड, म्हणजे कुठं बसायचं ते तो ठरवील. मेंढरं नाही का सकाळी उन्हाच्या अंगाला आणि दुपारी लिंबाखाली आपापली सरकत? त्यांना कोण सांगायला जातं?

तुझ्या दाजींच्या हॉटेलातलं भज्यांचं कपाट पाठवते. तीन हात लांब, समोर काच, दोन्ही बाजूंना जाळी. भजी मऊ पडू नयेत म्हणून सोनाजींनी सुताराशी भांडून ती जाळी लावून घेतली होती. ते गेल्यापासून सहा वर्षं मी ते पुसते आणि झाकून ठेवते. देताना हात जड झाला, एवढं लिहिते आणि पुढं जाते.

एका टोकाला वरून शंभरचा बल्ब टांग, खाली सपाट दगड ठेव. दगडावर तळहात ठेवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत. चटका बसला तर बल्ब वर घे. दुसऱ्या टोकाला कौल पालथं घाल, त्याखाली त्याची सावली. रात्री बल्ब बंद. गाड्यांचा भरवसा नाही, म्हणून कडुबाच्या भाजीच्या टेंपोतून पाठवीन. सुगंधाला घाबरू नको म्हणावं, आणि तूही घाबरू नकोस.

माया धरून असणारी,
अक्का


वाळूज,
२२ जानेवारी १९९४

ती. अक्कास,
बिरूचा आणि सुगंधाचा नमस्कार.

विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली आणि रस्तोरस्ती बंदोबस्त लागला. कडुबा दोन दिवस अडकून पडला. पोलिसांनी कपाट उघडून विचारलं की हे कशासाठी. कडुबानं खरं तेच सांगितलं की सरड्याला राहायला. त्यावरून त्याला आणखी तासभर बसवून ठेवलं. आमच्या चाळीत मात्र त्या संध्याकाळी शेजारच्या बन्सीनं घरोघरी पेढे वाटले. सोळा वर्षं वाट पाहिली, म्हणत रडला.

रोज कोवळ्या उन्हात बसवल्यावर तात्यासाहेबांनी डोळे उघडले, पण कपाट आलं तेव्हा त्यांचं पोट पाठीला लागलं होतं. बल्ब लावला तर हा पठ्ठ्या कौलाखाली जाऊन बसला. मी उचलून दगडावर ठेवणार होतो. सुगंधानं हात धरला, म्हणाली, अक्कांनी ठरवायचं काम त्याच्यावर सोडलंय, तुमच्यावर नाय. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तो स्वतःहून दगडावर आला, पोट टेकून पसरला. तिसऱ्या दिवशी नाकतोडा टाकला. अक्का, जीभ कधी निघाली ते दिसलंसुद्धा नाही! चार खाल्ले, वर मेथी. मग काचेत स्वतःला बघून दाढी अशी काळी केली की सुगंधानं डोक्यावर पदर घेतला.

तुझ्या पायाशी,
बिरू


खुलताबाद,
१४ फेब्रुवारी १९९४

चि. बिरूस आणि सौ. सुगंधास आशीर्वाद.

काल तू परत आलेल्या साहेबांना माझ्या दारात उतरवून गाडी लावायला गेलास आणि वाटेत कोणाशी बोलत बसलास, ते तुलाच माहीत. तेवढ्या वेळात काय झालं ते ऐक.

साहेबांनी मला वाकून नमस्कार केला. मोडक्या हिंदीत म्हणाले की ते गेले तेव्हा होतं त्याहून जनावर जड भरलं. मग पिशवीतून एक मोठा कागद काढला. आपलं कपाट! हातभर, पट्टी लावून काढलेलं, जाळी, दगड, कौल, बल्बची उंची, सगळं मापासकट. तेच मोठं करून ते बांधून घेणार आहेत. कारखान्यात कोणताही नकाशा ती वस्तू करणाऱ्याच्या नावाशिवाय चालत नाही, म्हणून खालच्या कोपऱ्यातली रिकामी चौकट त्यांनी मला बोटानं दाखवली.

मी सांगितलं की कपाट माझ्या मालकांनी करवून घेतलं होतं. ते म्हणाले, भज्यांसाठी. सरड्यासाठी कोणी केलं? त्यांनी पेन पुढं धरलं. दगडाबाई कुंपणापलीकडून ओरडली की लिही की गं, अंगठा थोडाच मागतात.

आधी माझं नाव लिहिलं, सावकाश. मग शेजारी त्यांचं. म्हाळसाबाई सोनाजी. चौकट पुरली नाही, शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं. साहेब म्हणाले, राहू द्या.

तुमच्यावर जीव असलेली,
अक्का