हवेच्या जाळीतला कागद

हॅलिफॅक्स,
सोमवार, ८ जानेवारी १९७९

प्रिय विल्फदादास,
धाकट्या बहिणीचा नमस्कार. वि. वि.

पत्रास कारण आमचा बॉयलर. नाताळापासून रुसलाय. आतली छोटी ज्योत पेटते, पण मी बटण सोडलं की विझते. रेडिएटर गार, नळ गार, बाहेर गुडघाभर बर्फ. हेझेल शाळेचा कोट घालूनच झोपते. दहा वर्षांची पोर, पण कुरकुर म्हणून नाही.

रेग मेकॅनिक बोलवू देत नाही. मेव्हणा गॅसवाला असताना परक्याला घरात कशाला घ्यायचं, म्हणतो. आणि मेव्हण्यालाही घरात घ्यायचं नाही, असंही म्हणतो. त्यानं स्वतः हातोडीनं बॉयलरची समजूत काढून पाहिली. पत्र्याला पोचा आला, बाकी काही नाही. माझ्या हाताला चार टाके आहेत, ते कपाटाचं दार लागून. काळजी नको.

काय करू ते सविस्तर लिही. तुझ्या संधिवाताचं काय? वहिनीला नमस्कार.

तुझ्या मायेची हक्कदार,
नोरीन

—

ग्रिम्सबी,
बुधवार, १० जानेवारी

चि. नोरीन हीस,
अनेक आशीर्वाद.

आधी बॉयलर. गोल बटण आत दाब, ज्योत पेटव आणि बटण तसंच धरून वीस अंक मोज. तू पाच मोजून सोडत असणार. लहानपणी लपाछपीतही तेच करायचीस. तरी विझली, तर ज्योतीत एक तांब्याचं बोट शिरलेलं दिसेल. ज्योत आहे की नाही ते त्याला कळतं आणि तेच गॅस चालू ठेवतं. ते काजळलं असेल. गार झाल्यावर पॉलिश पेपरनं घास. जमलं नाही तर सोबत नवं पाठवलंय, ते बसव. टोकाचा नट हातानं आवळ, पान्याची मर्दुमकी नको.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बंद करायचं आणि मला कळवायचं.

आता कपाट. सव्वीस वर्षं मी लोकांच्या स्वयंपाकघरांत गुडघ्यांवर बसतोय, एकाही कपाटानं बाईला चार टाके घातलेले पाहिले नाहीत. पोर घेऊन इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे.

बाकी क्षेम. रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा,
विल्फ

—

हॅलिफॅक्स,
मंगळवार, १६ जानेवारी

प्रिय दादास,
नमस्कार.

तुझं बोट चाललं. दोन दिवस घर उबदार होतं आणि हेझेलनं तीनदा आंघोळ केली. मग सगळं बिनसलं. खरं तेच लिहिते, कारण कपाटावर तुझा विश्वास नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतीला खाली हवेची जाळी आहे ना, तिच्यातून रेगच्या खुर्चीवर गार वारा येतो. आमच्या गल्लीत निम्म्या घरांनी ती बुजवली आहे. यानंही वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वर चिकटपट्टी मारली. शनिवारी त्याची टीम हरली, तेव्हा बॉयलरला लाथ घातली. वरचा धुराचा पाइप सांध्यातून सरकला. आता ज्योत पिवळी आहे, काचांवरून पाणी ओघळतं, आणि हेझेलचं डोकं न्याहारीला दुखायला लागतं ते शाळेत गेल्यावर थांबतं.

मी बॉयलर बंद केला आणि कागद काढला. त्यानं मला केसांना धरून ओट्यावर आपटलं. पुढचे दोन दात गेले. हेझेल मध्ये पडली तर तिच्या पोटात लाथ घातली. मग बॉयलर पेटवला आणि माझ्याच हातानं कागद परत कोंबून घेतला. शेजारणीनं पोलिसाला बोलावलं. तो चहा प्यायला आणि नवरा-बायकोच्या भानगडीत आम्ही पडत नाही, म्हणून गेला.

आम्ही दोघी वरच्या खोलीत दाराला पलंग लावून असतो. रविवारी तो पबातून दोनला येतो, जेवतो आणि स्वयंपाकघराचं दार लावून बॉयलरशेजारी सहापर्यंत घोरतो. तेवढेच चार तास मला श्वास घेता येतो.

हे वाचून धावत येऊ नकोस. तो तुला मारेल.
नोरीन

—

ग्रिम्सबी,
गुरुवार, १८ जानेवारी

चि. नोरीन हीस,
आशीर्वाद.

वरच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा, कितीही गारठा असला तरी. तुमच्या घरात अर्धवट जळालेल्या गॅसचं विष साचतंय. त्याला ना वास, ना रंग.

आता नीट वाच. कागदाला हात लावू नकोस. पाइप सरकलाय, जाळी बंद, दार बंद. त्या खोलीत चार तास झोपलेला माणूस उठत नाही. रविवारी तो घोरायला लागला की हेझेलला घेऊन बाहेर पड आणि माझ्याकडे ये. ज्योत तशीच राहू दे. कागद त्यानंच कोंबलाय, हे सगळी गल्ली सांगेल. दहा वर्षांच्या पोरीच्या पोटात लाथ घालणारा जिवंत कशाला हवा? त्याला कुत्र्याच्या मौतीनं मरू दे.

विल्फ

—

ग्रिम्सबी,
शुक्रवार, १९ जानेवारी

नोरीन,

कालचं पत्र फाडून टाक. मी शुद्धीवर नव्हतो. लोक मरू नयेत म्हणून मी हे काम शिकलो आणि तेच ज्ञान तुझ्या हातात सुरीसारखं दिलं. मला माफ कर.

जिन्याखाली मीटरजवळ दांडीचा कॉक आहे. दांडी पाइपला आडवी केली की गॅस बंद. ती आडवी कर आणि मग बाहेर पड. हे पत्र वेळेत पोचो. बर्फानं टपालाचं काही खरं नाही.

विल्फ

—

हॅलिफॅक्स,
सोमवार, २२ जानेवारी

प्रिय विल्फदादास,
नमस्कार.

तुझं गुरुवारचं पत्र शनिवारी आलं. शुक्रवारचं आज सकाळी आलं.

काल रेग दोनला आला, जेवला, दार लावून झोपला. हेझेलला मी पिशवी देऊन शेजारणीकडे पाठवलं. पुढचं दार उघडं टाकून कोट घालून जिन्यावर बसले. खरं तर निघायचं होतं. पण घोरणं बदलताना मला ऐकायचं होतं. आधी मोठं होतं, मग तुटक झालं, मग बारीक. माझ्या मनात दया नव्हती, दादा. सणाच्या दिवसासारखं हलकं वाटत होतं.

मग रुमालासाठी खिशात हात घातला आणि तुझं पत्र हाताला लागलं. तुझं अक्षर, तुझी सही. तेव्हा कळलं की तो मेला तर त्याला दोघांनी मारलेलं असेल. माझी पंधरा वर्षं त्यानं खाल्ली. तुला मी त्याच्या घशात घालणार नव्हते.

कॉक मला ठाऊक होता, मी आडवा केला. तोंडाला ओला टॉवेल बांधून आत गेले, तव्यानं खिडकी फोडली, मागचं दार उघडलं. रेगचा चेहरा त्या विषानं तान्ह्या बाळासारखा गुलाबी झाला होता. काखेत हात घालून बर्फात ओढत नेला. पायरीवर डोकं आपटलं, ते मी वाचवलं नाही. गार हवा लागल्यावर तो ओकला, आणि पहिलं काम काय केलं असेल, तर माझा घोटा पकडला. मी तवा मनगटावर घातला. तेवढ्यानं हात सुटला होता. दुसरा घाव मी माझ्यासाठी घातला.

तो इस्पितळात आहे, जगेल. डॉक्टर म्हणाले, बाईंनी प्रसंगावधान राखलं. हेझेलचं डोकं आज दुखलं नाही. आम्ही बुधवारच्या गाडीनं येतोय, स्टेशनवर ये.

माफी मागू नकोस. तुझं गुरुवारचं पत्र मी शेगडीत जाळलं. पण जिन्यावर बसून अर्धा तास मी त्याला मारत होते आणि मला बरं वाटत होतं, हे तुला सोडून कुणाला सांगणार? तेव्हा रागाच्या भरात पुन्हा मला काही लिहू नकोस, दादा. मी ते करेन.

आहे ती माया अशीच राहू दे.
तुझी,
नोरीन