चादर अजून ओली आहे

सोमवार, ३ एप्रिल

आले एकदाची मुलाकडे कायमची राहायला. सामान म्हणजे दोन बॅगा, एक शिलाई मशीन आणि माझी जीभ. मशीन कुठे ठेवायचं ते मुलाने विचारलं. जिभेचं कुणी विचारलं नाही, तिची सगळ्यांना सवय आहे.

घर सातव्या मजल्यावर. माझी खोली स्वच्छ आहे, कपाटाला चावी आहे. नात ठमी, वय वर्षं सहा. तिने आपला एक कान तुटलेला ससा माझ्या उशीवर ठेवून माझ्यावर मेहेरबानी केली. वर बजावलंही, की हा फक्त उसना आहे. मला आवडली. आमच्या घराण्यात कुणाला तरी नीट बोलता यायला हवंच.

सगळ्यात छान म्हणजे बाल्कनी. लांबलचक, चार दोऱ्या, सकाळपासून ऊन. बघितली आणि तिथल्या तिथे सुनेला सांगितलं की आजपासून धुणं माझ्याकडे. मी एकतीस वर्षं कॉन्व्हेंटच्या मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होते. दीडशे मुली, प्रत्येकीच्या प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्याने भरलेला नंबर, आणि कधी एक मोजा इकडचा तिकडे झाला नाही. सून हसली, नको म्हणाली नाही. शहाणी आहे.

गुरुवार, ६ एप्रिल

सुनेने एक खूळ आणलं आहे. कपड्यांच्या चिमट्याएवढं पांढरं यंत्र. वाळत घातलेल्या कपड्याच्या काठाला लावायचं. ते ओलावा मोजतं आणि किती टक्के ते फोनवर कळवतं. आकडा बदलला की टिंग, वाळलं की टिंग. तेही एकीच्या नाही, घरातल्या सगळ्यांच्या फोनवर! म्हणजे माझा परकर वाळल्याची आनंदाची बातमी माझ्या मुलाला भर मीटिंगमध्ये मिळणार. मी म्हटलं, अगं, देवाने हाताला पालथी बाजू दिली आहे ती कशासाठी? कपड्याला लावायची, कळतं. त्यावर ती म्हणाली, आई, तुम्ही दिवसातून दहादा उठून कपडे चाचपता आणि रात्री गुडघे धरून बसता, ते बघवत नाही म्हणून आणलं.

अशा बोलण्यावर माणसाने चिडावं तरी कसं? चिडले तरीही. यंत्राचं नाव मी चोंबडा ठेवलं. ठमीला ते इतकं आवडलं की चोंबडा लावायचं काम तिने स्वतःकडे घेतलं.

दुपारी आमची पैज लागली. मुलाची जीन्स मी हात लावून वाळली म्हणून जाहीर केली. चोंबडा म्हणाला, अकरा टक्के. कमरेच्या शिवणीत बोट घातलं, तर खरंच गारवा होता. मी कुणाला सांगितलं नाही. ठमीने सगळ्यांना सांगितलं.

मंगळवार, ११ एप्रिल

लिहायला लाज वाटते. पण रोजनिशीशी खोटं बोलायचं नाही, हे शाळेत सिस्टरांनी शिकवलं आणि मी आजवर पाळलं.

दुपारी जेवून ठमीला घेऊन झोपले. चारला जाग आली तर चादर ओली. माझ्या बाजूने. ठमी पलीकडे, कोरडी ठणठणीत. सदुसष्टाव्या वर्षी हे. मी चोरासारखी उठले, चादर धुतली, पिळली, बाल्कनीत घातली. कुणाला कळायच्या आत वाळवून परत पसरायची होती. तेवढ्यात ठमी डोळे चोळत आली आणि इमानेइतबारे चोंबडा लावला.

ओलावा शंभर टक्के. मिनिटभरात सुनेचा फोन. आई, या वेळी चादर कशी काय धुतली?

आणि मी ठमीचं नाव घेतलं.

ती समोरच उभी होती. माझ्याकडे बघत राहिली. संध्याकाळी सुनेने तिला जवळ घेऊन समजावलं की असं होतं कधीकधी, पण सांगायचं. ठमी म्हणाली, मी नाही केलं. सून म्हणाली, झालं ते झालं, पण खोटं नको. मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही.

बुधवार, १२ एप्रिल

चादर काल सहालाच वाळली होती. कडकडीत, उन्हाचा वास येत होता. चोंबडा म्हणतो शंभर. तोच काढून टॉवेलला लावला, शून्य. परत चादरीला, शंभर. बॅटरी बदलली. शंभर. कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की मॅडम, यंत्र उत्तम चाललंय, चादरीतच पाणी असेल. मी तिला दहा मिनिटं सुनावलं. पाणी असेल म्हणे! एकतीस वर्षं काय मी माशा मारत होते?

मुलगा म्हणाला, आई, एका चादरीवरून कंपनीशी काय भांडतेस, ठेवून दे कपाटात. घडी घालायला घेतली. काठावर बोट अडकलं. लाल दोरा. बारीक टाके, माझ्याच हातचे. नंबर एकोणतीस.

ही चादर सुनेने गेल्या महिन्यात दुकानातून आणली आहे.

शुक्रवार, १४ एप्रिल

एकोणतीस नंबर कोण ते लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

दहा वर्षांची होती. काटकुळी, उद्धट, गादी ओली करायची. वसतिगृहाचा नियम असा, की गादी ओली करणारीने आपली चादर धुवायची आणि दोन्ही हातांनी ताणून गच्चीवर उभं राहायचं, वाळेपर्यंत. वाळली की नाही ते मेट्रनने हात लावून सांगायचं. नियम सगळ्यांना सारखा. त्या दिवशी ऊन जरा जास्त होतं. ती तासभर उभी होती. चक्कर येऊन पडली, दोन दिवसांनी दवाखान्यातच वारली. चौकशी झाली. माझा दोष नव्हता असं कागदावर लिहिलेलं आहे. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली.

लिहिलं. बरं वाटलं नाही.

शनिवार, १५ एप्रिल

चादर कपाटात ठेवून चावी कमरेला लावली होती. सकाळी दोरीवर. चोंबडा लावलेला. मुलाने हसत विचारलं, आई, पुन्हा तीच का घातलीस? मी म्हटलं, वास येत होता.

ठमीच्या गादीवर आता प्लास्टिक घालतात. तिला ते टोचतं, आवाज करतं. ती रडून सांगते, मी नाही, मी नाही. सून कंटाळून म्हणाली, हट्टीपणा आजीवर गेलाय.

सांगायचं होतं. तोंड उघडलंही. मग म्हटलं, अगं, पोरीला जास्त बोलू नकोस. एवढंच. आणि त्यावर सुनेने माझे आभार मानले.

सोमवार, १७ एप्रिल

दोघं कामावर. दुपारी बाल्कनीत गेले तर ठमी चादर धरून उभी. दोन्ही हात ताणून. हा काय खेळ म्हणून विचारलं. ताईने धरायला सांगितली म्हणाली. कोण ताई? ही काय, चादरीच्या पलीकडची. वाळेपर्यंत खाली सोडायची नाही म्हणाली.

चादरीच्या खाली ठमीचे पाय दिसत होते. त्यांच्यापलीकडे आणखी दोन. अनवाणी. टाचा उचललेल्या, फरशी तापल्यावर उचलतात तशा.

ठमीला ओढून आत आणलं. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तळवे लाल झाले होते.

सुनेला सांगायला हवं. पण सांगायचं म्हणजे चादर कुणाची, इथपासून सांगावं लागेल. मग पुढचं. मग सगळं. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील. किंवा म्हणणार नाहीत, विश्वास ठेवतील. ते जास्त वाईट. ज्या बाईने असं केलं तिच्याजवळ आपली मुलगी कोण ठेवील?

उद्या सांगते.

मंगळवार, १८ एप्रिल

सकाळी ११.१०
भाजी परतायला गेले तेवढ्यात. बाल्कनीचं सरकतं दार बाहेरून बंद. त्याला बाहेरून कडीच नाही. ठमी बाहेर, चादर ताणून. काचेवर स्टूल घातलं, स्टूल मोडलं. सुनेला फोन केला, निघाली आहे, पाऊण तास. वॉचमन येऊन बघून गेला, सुताराला आणतो म्हणाला.

११.२०
ऊन थेट तिच्या तोंडावर. ओठ पांढरे. मी हाका मारते, ती बघते, हात खाली येत नाहीत. फोनवर शंभर.

११.२५
सुनेला परत फोन केला. सांगितलं. ती चादर माझी होती. मी ओली केली. ठमीने नाही. तिने फोन ठेवला.

टिंग.

ऐंशी.

११.२८
म्हणजे असं आहे तर. मग लिहिते.
एकोणतीस तासभर उभी नव्हती. साडेपाच तास उभी होती.
साठ.
चादर साडेदहालाच वाळली होती. मी हात लावला, मला कळलं. मी म्हटलं, अजून ओली आहे.
पस्तीस.

११.३३
पण नियम सगळ्यांना होता, मी एकटी, दीडशे मुली, शिस्त नको का, आम्हालाही लहानपणी असंच—
सत्तर.
नाही. नाही. खोडलं. तरी सत्तर. ठमीचे गुडघे वाकले. पडली नाही. पडू देत नाही तिला—

आम्हाला असं कुणी उभं केलं नव्हतं. एकदाही नाही. नियम मी काढला होता. माझा.
चाळीस.
मुली मला मागून इस्त्री म्हणायच्या. तिने तोंडावर म्हटलं, जेवणघरात. सगळ्या हसल्या. म्हणून. एवढ्यासाठीच.
बावीस.

११.४१
गच्चीच्या दाराला आतून कडी मी लावली.
बारा.
ती दार वाजवत होती.
आठ.
चौकशीत सांगितलं की मला झोप लागली. जागी होते. खुर्ची ओढून दाराला पाठ लावून बसले होते—
तीन.

जिन्यात पावलं. सुतार की सून— कळत नाही—

ठमीच्या दोन्ही मनगटांवर आणखी दोन हात. काळवंडलेले. एकोणतीस आता माझ्याकडेच वळली आहे. दोघी माझ्याकडे—

एक टक्का.

एवढंच राहिलं. हे मी कधी मनातसुद्धा—

ती दारापलीकडून म्हणत होती, मेट्रन, वाळली हो, कधीची वाळली. रडत नव्हती, नुसतं सांगत होती. आणि मी खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला, खरं सांगते, मला ते ऐकायला बरं वाट—