तुम्ही घ्यायला लावलेल्या गाडीबद्दल

जुळे सोलापूर,
१९ जानेवारी

तीर्थरूप रावजीअण्णांच्या चरणी धाकटा भाऊ मल्हार याचा साष्टांग नमस्कार. (राग आलेला असला तरी नमस्कार पुरता घातला आहे, त्यात कसर ठेवलेली नाही.) वहिनींचा गुडघा कसा आहे, धरणाचं पाणी किती मागं सरकलं, माझ्या केळीच्या बुडाशी नवी पिल्लं किती ठेवली, सगळं सविस्तर कळवा. इकडं सोजर बरी आहे, पिंकी बरी आहे, मी बरा नाही. त्याला कारण तुम्ही आहात. हे सुरुवातीलाच लिहितो, म्हणजे पुढं वाचताना तुम्ही उगाच दुसऱ्या कुणावर संशय घेत बसणार नाही.

दसऱ्याला आम्ही गाव सोडून हितं यायला निघालो तेव्हा कुणी सांगितलं मला, की मल्हारी, तो जुना खटारा दे टाकून, फ्युएल इंजेक्शनवाली एफआय मोटरसायकल घे? चोक नाही, कार्बोरेटर नाही, बटण दाबलं की गाडी चालू! तुम्हीच ना? थोरल्या भावाचा शब्द म्हणून घेतली. आता ऐका. सकाळी सव्वासहाला बटण दाबतो. चालू होते, नाही असं नाही. मग काटा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो, आणि गाडी मान टाकते. मूठ पिळून धरली तर चालते, सोडली की बंद. वीस-वीस मिनिटं मी अंगणात मूठ पिळत उभा, समोरचे निवृत्त मास्तर चहाचा कप घेऊन कठड्याला टेकलेले, जसं काही मी त्यांच्या करमणुकीसाठीच गावाहून आलोय. आणि एकदा का तापली, की दिवसभर अशी गुणी वागते की तक्रार करणारा माणूसच खोटा पडावा! माझ्या खटाऱ्याला तरी लाजलज्जा होती. चोक ओढला, दोन किका मारल्या, बिचारा चालू व्हायचा.

यात हसण्यासारखं काही नाही हं, अण्णा. पिंकी दवाखान्याच्या लॅबमध्ये सहा महिन्यांच्या बोलीवर लागली आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. सातला ड्यूटी. त्या वेळेला रिक्षावाले पांघरुणात आणि सिटीबस देवाच्या मर्जीवर. तिच्या इनचार्ज शिवलीला मॅडम घड्याळाच्या बाबतीत लई कडक. या महिन्यात दोन लेटमार्क लागलेत. तिसरा लागला की उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी तोंडावर सांगितलंय. पोरगी डबा पोटाशी धरून फाटकात उभी राहते आणि माझ्या हाताकडं बघते. मला ते बघवत नाही. आपल्या घराण्यात शिकून नोकरीला लागलेली पहिली पोरगी, आणि ती जाणार तुमच्या एफआयपायी!

सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला टायवाला पोरगा हसला. म्हणाला, काका, कोल्ड स्टार्टचा प्रॉब्लेम? सोलापुरात? (हा पोरगा पुण्याचा. त्याच्या मते सोलापुरात माणसं जानेवारीतही ओला टॉवेल डोक्यावर घेऊन हिंडतात.) मी म्हटलं, बाबा, कोल्ड म्हणजे इंजिन थंड, हवा नव्हे, हे मला गावाकडच्या माणसाला कळतं, तुला टाय बांधून कळू नये? मग त्यांनी गाडीला कॉम्प्युटर जोडला. कॉम्प्युटर म्हणाला, काही दोष नाही. प्लग बदलला. थ्रॉटल बॉडी का काय ते फवारा मारून धुतलं. एअर फिल्टर बदलला. टाकीतलं पेट्रोल काढून दुसरं भरलं. बॅटरी तपासली, ठणठणीत. इंजिनची गरमी मोजणारा सेन्सर असतो म्हणे, तोही नवा घातला. दर खेपेला गाडी दुपारी त्यांच्यासमोर उभी केली की शहाण्यासारखी चालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर मान टाकायची. चौथ्या खेपेला तो टायवाला मलाच विचारतो, काका, तुम्हाला गाडी चालू करता येते ना नीट? अण्णा, चाळीस वर्षं मी गाडी चालवतोय! मी तिथं जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शेवटी होटगी रोडला बिरप्पा म्हणून मेकॅनिक आहे, अक्कलकोटकडचा, त्याच्याकडं गेलो. माणूस कमी बोलणारा. त्यानं गाडीला हातही लावला नाही. म्हणाला, संध्याकाळी आणून ठेवा, सकाळी इंजिन थंड असताना मीच बटण दाबतो, मग बघू. पहिला माणूस ज्याला अक्कल आहे असं वाटलं. आज पिंकीला सुट्टी, म्हणून काल संध्याकाळी गाडी ठेवून आलो. आज सकाळी साडेसहाला त्याचा फोन. म्हणतोय, काका, हे तर कायच चालू होईना, गाडीत करंटच न्हाय!

मी म्हटलं, कसा असेल? फ्यूज माझ्याकडं आहे की!

मग त्यानं हळूच विचारलं, फ्यूज तुमच्याकडं का? आता हे काय विचारणं झालं? मी रोज संध्याकाळी गाडी लावली की सीट उघडून मेन फ्यूज काढतो, चष्म्याच्या डबीत घालतो आणि डबी उशाखाली ठेवतो. सकाळी परत बसवतो. बारा वर्षं आपल्या शेताच्या पाण्याच्या सामाईक मोटारीचा फ्यूज असाच काढत आलोय. तुमच्या पाळीला सकाळी देत होतो, संध्याकाळी परत आणत होतो. ते का सुरू झालं हे तुम्ही विसरला असाल, मी नाही. माझ्या पाळीच्या दिवशी मी कुर्डुवाडीच्या बाजाराला गेलो आणि येऊन बघतो तर मोटार तापलेली! माझं पाणी कुणी घेतलं होतं, अण्णा? तुम्ही शपथा घेतल्या, वहिनी रडल्या, पण तापलेली मोटार खोटं बोलत नाही. तेव्हापासून फ्यूज उशाखाली असल्याशिवाय मला झोप येत नाही. गाव सोडताना तो तुमच्या हातात दिला, हात रिकामा झाला, मग गाडीचा काढायला लागलो. त्यात काय चुकलं?

तर बिरप्पा म्हणतो, सगळं चुकलं. या गाडीत म्हणे एक लहान कॉम्प्युटर असतो. गाडी नुसती उभी असताना हवा किती घ्यायची, पेट्रोल किती सोडायचं, हे तो रोज थोडं थोडं शिकतो आणि ध्यानात ठेवतो. फ्यूज काढला की शिकलेलं सगळं पुसलं जातं. म्हणजे रोज सकाळी मी बटण दाबतो ते कालच जन्मलेल्या गाडीचं. मग त्यानं विचारलं, काका, कुणाची भ्या वाटते तुमाला हितं? अण्णा, जुळे सोलापुरात माझ्या ओळखीचा एकच माणूस, तो चहावाला मास्तर. त्याच्याकडं सायकल आहे. मी फोनच ठेवून दिला. याचाही दोष तुमच्याकडंच येतो, नीट हिशेब करून बघा.

कळावे. वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा
मल्हार

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. आज रात्रीपासून फ्यूज गाडीतच ठेवणं भाग आहे, नाहीतर पिंकीची नोकरी जाते. पण माझ्यानं ते होणार नाही, मी मला ओळखतो. अर्ध्या झोपेत जाऊन काढून आणीन. म्हणून आपल्या मोटारीचा तो पांढरा चिनी मातीचा जुना फ्यूज लगेच पाठवून द्या. उशाखाली तो ठेवीन. मोटारीला नवा आणा.

दुसरा ता. क., २० जानेवारी : पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. काल संध्याकाळी गाडी घरी आणली आणि सवयीनं सीट उघडायला गेलो तर सोजर गाडीला पाठ लावून उभी. म्हणाली, ठेवा तो फ्यूज तितंच, माझ्या लेकीची नोकरी जाईल. मी म्हटलं, तुला काय कळतंय, अण्णांनी काय केलं होतं आठवतं का? तशी रडायलाच लागली. म्हणाली, अण्णांनी कुटं लावली होती मोटार? मीच लावली होती, माझ्या मेथीच्या वाफ्याला! तुमचीच पाळी होती, आपलंच पाणी. सांगणार तोवर तुमी अण्णांच्या दारात जाऊन नको नको ते बोलून आला होता. मग सांगायला तोंडच राहिलं न्हाई मला. मी विचारलं, मग मला वाफा ओला कसा दिसला नाही? म्हणाली, मेथीकडं तुमी कधी बघितलंय?

आज सकाळी गाडी एका बटणात लागली. पिंकी पावणेसातलाच लॅबच्या दारात होती. वर लिहिलेलं तसंच राहू दिलंय. खोडलं असतं तर कागद वाचण्यासारखा राहिला नसता, आणि मी काय काय बोलू शकतो हे तुम्हाला बारा वर्षांपासून माहीत आहेच. मी काल रात्री झोपलो नाही, अण्णा. वहिनी त्या दिवशी रडल्या होत्या तेच डोळ्यांपुढं येत होतं.

येत्या रविवारी दोघंही या. सोजर मेथी करणार आहे, मी स्टँडवर घ्यायला येतो. आणि तो फ्यूज आणू नका. मोटारीतच राहू द्या.